घट्ट होल्स्टर आणि तेलाचा मोह: चामडं घोटणं, रंगवणं, रुळवणं

टाकादोरा:

"शिवून झालं, रंगवून झालं, आणि आता पिस्तूल आत गेलं की बाहेर यायला तयार नाही. काय करू?" गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला की म्हटलं एकदाच सविस्तर लिहून काढावं. टाके कसे घालायचे यावर इथे भरपूर लिहून झालंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. टाके संपल्यानंतरचं बोलू.

आधी माझ्या पहिल्या होल्स्टरबद्दल. तीन आठवडे रोज संध्याकाळी बसून शिवलं होतं. रिकामं पिस्तूल आत घातलं, तर बाहेर काढायला दोन्ही हात लागले. मी नीट्सफूट तेलाचा (चामडं मऊ करायचं तेल) बोळा घेतला आणि आतून-बाहेरून फिरवला. रात्री झोपताना पुन्हा एकदा. सकाळी पिस्तूल इतकं छान सरकायला लागलं की मी खूश. आठवड्याभरात तोंडाशी चामडं लुळं पडून आत वळायला लागलं. मग एकदा पट्टा काढताना होल्स्टर उलटं झालं आणि पिस्तूल थेट गादीवर पडलं. रिकामं होतं, खाली गादी होती, म्हणून निभावलं. नंतर ते होल्स्टर उसवून आडवं कापलं. चांगल्या चामड्याच्या छेदात मधे फिकट, कोरडा थर दिसतो. इथे तो नव्हताच, वरपासून खालपर्यंत एकच तेलकट तपकिरी रंग. चामड्यात घातलेलं तेल परत काढता येत नाही. ते होल्स्टर मी फेकून दिलं.

चामडी होल्स्टर पिस्तूल धरून ठेवतं ते आकाराच्या जोरावर. चामडं चापाच्या कड्याभोवती आणि स्लाइडच्या (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) खाचेत जितकं नेमकं बसलेलं, तितकी पकड चांगली, आणि तो आकार टिकण्यासाठी चामडं कडकच हवं. रुळवताना आपण तो आकार शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेमका करत असतो. चामडं मऊ केलं की हा सगळा खटाटोप वाया जातो.

आता सुरुवातीपासून. पण त्याआधी एक गोष्ट, आणि यात कुणीही सवलत घेऊ नये: खाली जिथे जिथे "पिस्तूल घाला" म्हटलंय तिथे पिस्तूल रिकामं. मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून तपासलेलं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. शक्य असेल तर त्याच मॉडेलचा भरीव प्लॅस्टिकचा निळा नकली साचा मिळवा. आकार देताना ओल्या चामड्यात तो तासन् तास ठेवता येतो, गंजत नाही, आणि मनाला घोर राहत नाही.

चामडं साल-कमावणीचंच हवं, म्हणजे बाभूळ, ओक, मिमोसा किंवा हिरड्यासारख्या झाडांमधल्या टॅनिनने कमावलेलं. पिस्तुलाच्या होल्स्टरला मी साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर जाडी घेतो. ओलं केलं की हे चामडं मातीसारखं आकार घेतं आणि वाळलं की तो सोडत नाही.

ओल्यावर आकार देणं: कोमट पाण्यात होल्स्टर बुडवा. बारीक बुडबुडे यायला लागतात. बुडबुडे मंदावले की काढा, माझ्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास लागतो. लगेच पिस्तूल घालू नका. चामडं बाहेर ठेवून द्या, मूळ फिकट रंग पृष्ठभागावर परतायला लागेपर्यंत थांबा. हात लावला तर गार लागतं पण बोटाला पाणी लागत नाही, ती वेळ. निथळत्या चामड्यावर काढलेली रेघ पसरते, आणि फार वाळलेल्यावर उमटतच नाही.

साचा घालण्याआधी पुढच्या माशीच्या (नेम धरायला नळीच्या टोकाशी असलेला उंचवटा) रेषेत एक बारीक लाकडी काडी चिकटपट्टीने बांधा, माशीपासून पार नळीच्या टोकापर्यंत. हे मी दुसऱ्या होल्स्टरला विसरलो होतो. पिस्तूल बाहेर काढताना दर वेळी माशीने आतून चामड्याचा कीस काढला. रंध्यातून निघतो तसा बारीक वेटोळा माशीवर अडकून बाहेर यायचा. काडीमुळे माशीला जायला वाट राहते.

मग आधी बोटांनीच दाबत जा. हाडाची किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकची पट्टी नंतर. स्लाइडच्या कडा, गोळीची रिकामी पुंगळी बाहेर पडते ती खिडकी, चापाचं कडं. कड्याच्या पुढच्या भागात चामडं हलकेच आत दाबलं की वाळल्यावर पिस्तूल बसताना बोटांना एक बारीकसा "खट्" जाणवतो. हीच तुमची पकड. पण चापावर दाब येईल इतकं आत चामडं कधीच दाबू नका. कड्याचा पुढचा भाग, बस. नखांचे ओरखडे ओल्या चामड्यावर कायमचे राहतात, तेव्हा नखं कापून बसा.

खरं पिस्तूल वापरत असाल तर ते पातळ प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि आकार देऊन झाल्याबरोबर बाहेर काढून पुसा. ओलं साल-कमावणीचं चामडं आम्लधर्मी असतं, पोलादाला फार लवकर खातं. नंतर होल्स्टर वारं खेळेल अशा सावलीत पूर्ण दिवसभर वाळू द्या. मी दोन दिवस थांबतो.

रंग: पूर्ण वाळल्यावरच. लोकरीच्या बोळ्याने, गोल गोल फिरवत, एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात. वाळला की जुन्या सुती फडक्याने घासत राहा, फडकं कोरं निघेपर्यंत. हे कंटाळवाणं आहे, मान्य, पण इथे आळस केला तर तोच रंग सदऱ्याला लागतो. रंगातलं स्पिरिट चामडं कोरडं करतं, म्हणून यानंतर, आणि फक्त इथेच, तेलाचा एक पुसट हात चालतो. फडक्यावर तेल घेऊन ते फडकं आधी दुसऱ्या कोरड्या फडक्यावर टेकवायचं, मग होल्स्टरवर बाहेरच्या बाजूने एकदा फिरवायचं. एक दिवस थांबायचं. पुन्हा नाही.

वरचा थर: मी पाण्यात मिसळणारं अॅक्रिलिक फिनिश निम्मं पाणी घालून वापरतो. पातळ दोन हात, मधे पूर्ण वाळू देऊन. आतल्या खरखरीत बाजूलाही एक हात देतो, त्याने सुटे तंतू बसतात. जाड थर दिला तर तो चामड्याबरोबर वाकत नाही, पट्ट्याच्या फटीपाशी तडकतो. ज्यांना प्लॅस्टिकसारखी चकाकी आवडत नाही त्यांनी मधमाशीचं मेण आणि कार्नोबा मेण मिसळलेली क्रीम वापरावी. दिसायला ती मला जास्त आवडते, पाण्याला मात्र कमी टिकते.

आता मूळ प्रश्न. पिस्तूल अडतंय. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत रिकामं पिस्तूल घाला, पिशवीतली हवा काढा, नळीच्या बाजूला सुरकुत्या राहू देऊ नका, आणि ते होल्स्टरमध्ये पूर्ण आत बसवा. रात्रभर तसंच. सकाळी पिशवी काढून सावकाश दहा-वीस वेळा आत-बाहेर करा. नाहीच सरकलं तर दुसऱ्या रात्री दोन पिशव्या. बहुतेक होल्स्टरं दोन-तीन रात्रींत माणसाळतात. पाणी नाही, तेल नाही, ड्रायर नाही.

कडा घोटण्यावर मुद्दाम लिहिलं नाही. इथे माझ्याहून जाणकार लोक आहेत, त्यांनी लिहावं.

पारिजातक:

वाचनखूण साठवली. हा विषय माझा नाही, पण चामडं कापून त्याच्या छेदात तेल कुठवर गेलंय ते पाहिलं, हे वाचून फार छान वाटलं. पुढील लेखनास शुभेच्छा.

नेमबाज_२२:

उत्तम धागा. माझी अडचण उलटी आहे. माझं होल्स्टर घट्ट नाहीच. एका जुन्या सोफ्याचं जाड काळं चामडं मिळालं होतं, दोन पदर चिकटवून शिवलं. ओलं करून आकार दिला, दोन दिवस वाळवलं, साचा काढला की परत सपाट. तीनदा केलं. पाणी कमी पडतंय का?

टाकादोरा:

नेमबाज, पाण्याचा दोष नाही. सोफ्याचं चामडं जवळजवळ नक्कीच क्रोम-कमावणीचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असणार. ते पाणी सहज पितही नाही आणि वाळल्यावर आकारही धरत नाही. सोफ्याला, हातमोज्यांना हाच गुण लागतो, आपल्याला नेमका उलटा.

खात्री करायची असेल तर एका कोपऱ्याची नखभर चिंधी कापा. छेद निळसर करडा दिसला तर क्रोम. काळ्या रंगात कळत नसेल तर ती चिंधी उकळत्या पाण्यात टाका. साल-कमावणीचं चामडं आकसून, वळून कडक होतं. पूर्ण क्रोम असेल तर ते जवळपास तसंच राहतं.

त्या होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवू नका, ही विनंती. एक तर मऊ तोंड आत वळून चापाच्या कड्यात शिरू शकतं. पिस्तूल परत आत घालताना चामड्याची घडी चापाला लागून गोळी सुटू शकते, हा खरा धोका आहे. आणि क्रोम चामड्यात उरलेले क्षार दमट हवेत धातूला गंज आणतात. चामडं वाया घालवू नका, त्याची पाकिटं छान होतील.

नेमबाज_२२:

चिंधी उकळून पाहिली. काहीही झालं नाही, जशीच्या तशी. होल्स्टर बाजूला ठेवलं. साल-कमावणीचं चामडं मिळवतो आणि परत येतो.

रापीआरी:

कडांचं मी लिहितो. चाळीस वर्षं हेच करतोय, पट्टे, म्यानी, घोड्याचं सामान. नवीन लोक कड घोटायला बसतात आणि पाच मिनिटांत सोडून देतात, आणि मग म्हणतात चकाकी येत नाही.

चकाकी नंतरची गोष्ट. आधी कड एक झाली पाहिजे. दोन किंवा तीन पदर चिकटवलेले असतात, त्यांची रेघ बोटाला लागता कामा नये. आधी धारदार रापीने एका दमात कड सारखी करा, थांबत थांबत कापलं तर पायऱ्या पडतात. मग दोन्ही कोपरे गोल तासा. मग काचकागद, आधी २२०, मग ४००, मग ६००. वर जायची घाई करू नका; २२० वरच कड सपाट झाली पाहिजे, पुढचे नुसते तिचे ओरखडे काढतात. रंग याच वेळी कडेला द्या.

आता ओलावा. बोट पाण्यात बुडवून कडेवरून फिरवायचं, एवढंच पाणी. एका वेळी वीतभरच कड घ्या. वरच्या चामड्यावर पाणी उतरलं तर डाग राहतो. मग जाड कॅनव्हासचा तुकडा दुमडून घ्या आणि घासा. जोर लावून नाही, वेग लावून. सुरुवातीला तंतू उभे राहिलेले दिसतात, खारीच्या शेपटीसारखे. मग ते लवतात. मग एक क्षण असा येतो की कापड अडखळायचं थांबतं आणि आवाज बदलतो. खसखस थांबून गुळगुळीत सरकल्याचा आवाज येतो. हात गरम होतो तो कडेच्याच उष्णतेने. तिथे थांबू नका, आणखी तेवढंच घासा. मग लाकडी खाचेची घोटणी घेऊन परत.

यानंतर मेण. मधमाशीचं मेण कडेवर चोळायचं, कापडाने तापेपर्यंत घासायचं. पाणी लागलं तरी कड उमलत नाही. मेण आधी लावलं तर काचकागद आणि पाणी दोन्ही काम करत नाहीत, हे लक्षात ठेवा.

टाकादोरा, तुम्ही वर एक गोष्ट लिहिली नाही. होल्स्टरच्या तोंडाची कड आकार देण्याआधीच घोटून घ्या. नंतर पिस्तुलाच्या आकाराने ती वळलेली असते, घोटणी नीट बसत नाही.

टाकादोरा:

रापीआरीजी, याचीच वाट पाहत होतो. तोंडाच्या कडेचं तुमचं शंभर टक्के बरोबर, माझ्या लिखाणातून सुटलं. कॅनव्हासचा आवाज बदलतो हे मला कधी शब्दांत सांगता आलं नसतं, पण वाचताक्षणी ओळखीचं वाटलं. एक विचारतो: ट्रागाकांथ डिंक वापरता का? मी वापरतो, मला पाण्यापेक्षा लवकर घोटल्यासारखं वाटतं.

रापीआरी:

वापरला आहे. वाईट नाही. तंतू चिकटून लवकर बसतात, हे खरं. पण नवशिक्याने आधी पाण्यावर शिकावं असं माझं मत. डिंकाने कड अर्धवट घोटलेली असली तरी चकाकते, मग माणूस तिथेच थांबतो, आणि महिन्याभरात ती कड परत केसाळ होते. हात बसला की डिंक खुशाल वापरा. आतली खरखरीत बाजू बसवायला मात्र डिंकासारखं दुसरं काही नाही, काचेच्या तुकड्याची गोल कड घेऊन घोटायची.

अर्धवर्तुळ:

टाकादोरा, "दोन दिवस वाळवा" हे तुम्ही म्हणता, पण ओव्हनमध्ये वाळवलं तर चामडं जास्त कडक होतं असं ऐकून मी केलं. ९० अंशांवर वीस मिनिटं. होल्स्टर आकसलं, तोंडाशी दाणा (चामड्याचा वरचा गुळगुळीत थर) फाटल्यासारखा बारीक भेगांचा, आणि ठिसूळ. साचा आत जातच नाही. वाचवता येईल का? ऐकलेलं चुकीचं होतं का?

टाकादोरा:

अर्धवर्तुळ, वाचवता येणार नाही. वाईट वाटतं सांगताना, कारण मेहनत मला ठाऊक आहे.

ऐकलेलं पूर्ण चुकीचं नाही. सौम्य उष्णतेने चामडं कडक होतं, आणि बरेच जाणते कारागीर त्याचा उपयोग करतात. पण चामडं म्हणजे कोलॅजनचे तंतू, आणि ओले तंतू एका तापमानाच्या वर गेले की कायमचे आकसतात. साल-कमावणीच्या ओल्या चामड्यात हे साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान होतं. वर नेमबाजला उकळत्या पाण्याची चाचणी सांगितली ती याच गुणावर चालते. तुमचं होल्स्टर आतून ओलं असतानाच ९० ला गेलं. ती भेग म्हणजे आतले तंतू आकसले आणि वरचा दाणा ताणून फाटला.

माझा नियम: ओल्या चामड्याला ५० अंशांच्या वर नेत नाही. ओव्हनचा काटा जे दाखवतो त्यापेक्षा आतलं तापमान बरंच वरखाली होतं, आणि तापलेल्या सळीजवळ तर आणखीच जास्त, म्हणून सुटा थर्मामीटर आत ठेवल्याशिवाय ओव्हन वापरू नये. मी स्वतः पंख्यावरच वाळवतो.

एकच काम करा: ते होल्स्टर टाकू नका, उसवून त्याचे तुकडे कागदावर ठेवून आराखडा उतरवून घ्या. आकसलेले असले तरी टाक्यांच्या रेषा आणि वळणं कळतात. दुसरं लवकर होईल.

बागेतली:

मी पिस्तूलवाली नाही, बागकामवाली. छाटणीच्या कात्रीसाठी पट्ट्याला अडकवायचं होल्स्टर शिवलं, याच पद्धतीने ओलं करून आकार दिला. कात्री रात्रभर आत ठेवली होती. सकाळी काढली तर चामड्यावर आतून-बाहेरून शाईसारखे काळे-निळे डाग, आणि कात्रीवर गंज. धुतले तर जात नाहीत. ही बुरशी आहे का? आणि कात्रीचं टोक पुन्हा पुन्हा शिवणीच्या दोऱ्याला लागून दोरा कापतोय, त्यावर काय?

टाकादोरा:

बुरशी नाही. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा-निळा रंग तयार होतो. जुनी काळी शाई याच क्रियेने बनायची, आणि चामडं काळं करायची एक जुनी रीतही हीच: लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवायचा आणि ते पाणी साल-कमावणीच्या चामड्यावर फिरवायचं. रंग वर बसत नाही, चामड्याच्या आतच तयार होतो, म्हणून धुतल्याने जात नाही. ओल्या चामड्याजवळ लोखंडी पकड, खिळा, अगदी काचकागदाने घासल्यावर उडालेला लोखंडाचा कण पडला तरी टिपका उमटतो.

उपाय ऑक्झॅलिक आम्लाचं पातळ द्रावण. ते विषारी आहे, हातमोजे घालून, मुलं आणि जनावरं दूर ठेवून, आणि नंतर चामडं स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून घ्यायचं. आधी कोपऱ्यावर करून पाहा, मूळ रंग फिका होऊ शकतो. मला विचाराल तर पूर्ण होल्स्टरच काळं रंगवून टाका. कात्रीच्या होल्स्टरला काळा रंग शोभतो, आणि आम्लाच्या भानगडीत पडायला नको.

दोरा कापला जातोय याचा अर्थ दोन पदरांच्या मधे पट्टी नाही. कडेच्या शिवणीत, दोन्ही पदरांच्या मधे, त्याच चामड्याची बोटभर रुंद पट्टी घालून शिवा. पातं त्या पट्टीला लागतं, दोऱ्यापर्यंत पोचत नाही. सुऱ्यांच्या म्यानीत हे सक्तीचं असतं.

बागेतली:

पट्टी घालून परत शिवलं, आणि काळंच केलं. कात्री या वेळी मेणकागदात गुंडाळून आकार दिला. खूप आभार. माझ्या बाबतीत रुळवायला एकच रात्र पुरली.

जुना_पट्टा:

दोन अनुभव जोडतो.

एक, करकर. नवं होल्स्टर चालताना करकरतं, विशेषतः जिथे पट्टा फटीतून जातो तिथे. लोक पुन्हा तेलाकडे वळतात. करकर चामड्यावर चामडं घासल्याने होते. फटीच्या आतल्या बाजूला मेणाचा खडा चोळा आणि पट्टा दोन-तीनदा आत-बाहेर करा. थांबते.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. होल्स्टर पिस्तुलाची पेटी नाही. कमरेला आहे तोवर ठीक, घरी आलं की पिस्तूल बाहेर. मी एकदा लांबच्या प्रवासाला जाताना कपाटात होल्स्टरमध्येच ठेवून गेलो होतो. परत आलो तर स्लाइडच्या एका बाजूला होल्स्टरच्या टाक्यांच्या रेषेचा गंज उमटलेला, ठिपक्या-ठिपक्यांचा. प्रत्येक टाका मोजता आला असता. चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि तो पोलादाला चिकटवून ठेवतं. पट्ट्याच्या चामडी पाकळ्यांत पितळी काडतुसं ठेवली होती, त्यांच्यावर हिरवा मेणचट थर.

टाकादोरा:

जुना_पट्टा, टाक्यांचा ठसा, बाप रे. तो हिरवा थर म्हणजे पितळातलं तांबं आणि चामड्यातली चरबी, तेलं यांच्यातून तयार होणारा तांब्याचा साबण. जितकं तेल जास्त तितका तो थर जास्त. पुसून जातो, पण अशी काडतुसं वापरू नयेत, आधी नीट तपासावीत. तेल कमी वापरण्याचं हे आणखी एक कारण.

नुसतं होल्स्टरही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. त्यात बुरशी येते. सुती पिशवी, किंवा उघड्यावर टांगलेलं. आलीच बुरशी तर उन्हात सुकं फडकं फिरवून, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून, सावलीत वाळवा.

नेमबाज_२२:

परत आलो. साल-कमावणीचं ३.२ मिलिमीटरचं चामडं, नकली निळा साचा, माशीला काडी, तोंडाची कड आधी घोटली. रापीआरी काकांनी सांगितलेला आवाज मला तिसऱ्या दिवशी ऐकू आला, त्याआधी मी लवकर थांबत होतो.

आता खरं पिस्तूल. पहिल्या दिवशी दोन्ही हातांनी ओढावं लागलं, तेव्हा तेलाची बाटली हातात घेतली होती, धागा उघडून परत वाचला आणि ठेवून दिली. पहिली रात्र एक पिशवी: थोडा फरक. दुसरी रात्र दोन पिशव्या: एका हाताने निघतं, पण निम्म्यावर एकाच जागी अडतं. तिसरी रात्रही तसंच. जागा शोधायला स्लाइडवर खडू चोळून एकदा आत घातलं आणि काढलं. चामड्याला आतून खडू लागलाय तो मागच्या सेफ्टीच्या (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या) खटक्यापाशी. आता काय, आणखी एक पिशवी?

टाकादोरा:

नाही, पिशव्या थांबवा. तीन रात्रींनंतरही एकाच जागी अडतंय, म्हणजे पूर्ण होल्स्टर घट्ट नाही, तेवढा एक आकार चुकलाय. आणखी पिशवी घातली तर बाकीचं नीट बसलेलं सगळं सैल होईल आणि खटका तरीही अडेल. खडूची युक्ती फार छान, मी वापरणार.

एवढंच करा. बोळा कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्या, आणि आतून फक्त खडूच्या खुणेवर टेकवा, बाहेरच्या थराला लागू देऊ नका. दहा मिनिटांनी साचा घाला. साच्यावर खटका खऱ्यापेक्षा बसका असतो, बहुतेक नकली साच्यांत तसं असतं, म्हणून त्या जागी साच्यावर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. मग बाहेरून हाडाच्या पट्टीने खटक्याच्या पुढे आणि मागे चामडं दाबा, म्हणजे खटक्याला खोबण होईल. साचा आतच ठेवून एक दिवस वाळू द्या.

आणि खटका आत जाताना किंवा बाहेर येताना आपोआप हलत नाही ना, हे रिकाम्या पिस्तुलावर वीस वेळा तपासा. एकदाही हलला तर खोबण आणखी मोकळी करायची. हे घट्टपणापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

रापीआरी:

खोबणीचा शेवट तोंडापर्यंत न्या, मधेच थांबवू नका. नाहीतर खटका आत जाईल, पण बाहेर येताना त्याच पायरीला अडेल.

नेमबाज_२२:

दोन थर चिकटपट्टी, खोबण तोंडापर्यंत. दीड दिवस वाळवलं. आत्ता पंचवीस वेळा करून पाहिलं, खटका एकदाही हलला नाही. आत जाताना शेवटच्या बोटभर अंतरात "खट्" जाणवतं. उलटं करून हलवलं, गादीवर धरूनच, पिस्तूल जागचं हललं नाही. एका हाताने निघतं. तेलाची बाटली अजून उघडलेली नाही.